बंदिस्त समुद्र आणि त्यातील विषाचा शोध

समुद्राच्या ठायी जी क्षमा आहे ती त्याच्या विस्तारातून आलेली आहे. नद्यांनी वाहून आणलेला गाळ, बंदरात सांडलेले तेल, शहरांच्या गटारांनी ओतलेला मैला, असंख्य जीवांची कलेवरे, हे सर्व तो दीर्घकाळ पोटात घालतो. भरती-ओहोटी त्या मलिनतेला पांगवते, लाटा पाण्यात प्राणवायू मिसळतात, आणि तळाच्या वाळूतील सूक्ष्म जीव उरल्यासुरल्याचा निकाल लावतात. परंतु याच समुद्राचे चार घागरी पाणी काचेच्या पेटीत भरून मनुष्याने ते आपल्या दिवाणखान्यात आणून ठेवले, की त्या पाण्याचा विस्ताराशी असलेला संबंध तुटतो, आणि जे आत पडेल ते आतच राहील, हा एकच कायदा तेथे चालू लागतो. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाचा इतिहास सामान्यतः छंदाचा आणि करमणुकीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. माझ्या मते तो प्राधान्याने तपासाचा इतिहास आहे. प्रत्येक पिढीत पेटीतले जीव मेले, प्रत्येक पिढीत कोणीतरी ते कशाने मेले हा प्रश्न चिकाटीने विचारला, आणि आज अशा पेटीभोवती जी नळी, जी जाळी, जी बाटली दिसते ती अशाच एखाद्या चौकशीचे फलित आहे. या चौकशांची दफ्तरे ओळीने उलगडली असता आणखी एक गोष्ट ध्यानी येते. विष बहुधा परकी वाटेने आले नव्हते. जीवांच्या रक्षणार्थ जे पात्र, जो डिंक, जी नळी किंवा जे औषध मालकाने योजले, त्यातूनच ते उतरले होते.

या विद्येच्या आरंभी दोन स्त्रिया उभ्या आहेत. सिसिलीतील मेसिना येथे राहणाऱ्या झान विलप्रे-पॉवर या फ्रेंच संशोधिकेने १८३२ साली आर्गोनॉट नावाच्या कवचधारी अष्टपादाचे निरीक्षण करण्यासाठी काचेच्या पेट्या करविल्या. तिच्या दाराशीच समुद्र असल्याने पाणी बिघडले तर नवे भरून घेणे तिला शक्य होते. खरी अडचण आली ती ॲना थिन या इंग्रज बाईंना. १८४६ साली टॉर्की येथील किनाऱ्यावर त्यांना जिवंत प्रवाळ सापडले आणि दगडी बरणीत घालून ते त्यांनी लंडनला नेले. लंडनहून समुद्र दूर. पाणी वारंवार मागविणे खर्चाचे आणि कष्टाचे. तेव्हा बाईंच्या घरी अशी वहिवाट पडली की, दासीने उघड्या खिडकीपाशी उभे राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात अर्धा-पाऊण तास उंचावरून ओतत राहावे. पाणी खेळते ठेवले म्हणजे ते नासत नाही, एवढेच अनुभवाने कळले होते. पाण्यात वायू विरघळतो आणि जीव तोच श्वासावाटे घेतात, ही उपपत्ती त्या दिवाणखान्यात कोणाला ठाऊक असो वा नसो, तिचे आचरण मात्र त्या अनाम दासीच्या हातून नित्यनेमाने होत होते. पुढे बाईंनी पाण्यात समुद्री शैवाल सोडले आणि त्यांचे प्रवाळ वर्षानुवर्षे जगले.

पहिला रीतसर तपास केला तो एका रसायनवेत्त्याने. लंडनच्या औषधी-व्यापाऱ्यांच्या जुन्या मंडळीत नोकरीस असलेल्या रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८४९ साली सुमारे बारा गॅलनच्या पात्रात गोडे पाणी, दोन लहान सुवर्णमत्स्य आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे तो घेतील, आणि माशांनी सोडलेला कर्बाम्लवायू वनस्पती शोषून घेईल, असा त्याचा हिशेब होता आणि तो योग्यही होता. तथापि काही काळाने वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाण्याला गढूळ बुळबुळीत कळा आली आणि साऱ्या प्रयोगावर संकट ओढवले. वॉरिंग्टनने पाणी फेकून दिले नाही. निसर्गातील डबक्यात ही कुजकी पाने कोणाच्या वाट्याला जातात, हा प्रश्न त्याने स्वतःस विचारला आणि त्याच डबक्यांतील पाच-सहा गोगलगाई आणून पात्रात सोडल्या. त्यांनी कुजकट भाग आणि हिरवट लेप दोन्ही खाऊन पाणी निवळ केले, आणि त्यांची अंडी माशांस खाद्य झाली. १८५० साली त्याने हा वृत्तांत केमिकल सोसायटीपुढे ठेवला आणि लवकरच तोच न्याय समुद्राच्या पाण्याला लावून पाहिला. तेथे लाल-तपकिरी शैवालांपेक्षा उल्व्हा जातीचे हिरवे शैवाल अधिक उपकारक ठरते, असे त्याच्या अनुभवास आले. पाण्याच्या बिघाडामागे कारण असते, ते कारण वेगळे काढता येते, आणि ते दूर केले की पाणी पुन्हा सुधारते, ही श्रद्धा मत्स्यालयाच्या इतिहासात येथून रुजू झाली.

यानंतरच्या दशकात इंग्लंडात या छंदाची जी लाट उसळली तिला अनेक अनुकूलता एकाच वेळी लाभल्या. काचेवरील जकात १८४५ साली उठली होती, आगगाडीने किनारा शहराजवळ आणला होता, आणि मे १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कातील प्राणिसंग्रहालयात जलचरांचे सार्वजनिक दालन उघडले होते. फिलिप हेन्री गॉस या निसर्गाभ्यासकाने १८५४ साली आपला सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला आणि समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी कृत्रिम समुद्रजलाचा पाठही सिद्ध केला. ब्रायटनजवळच्या पाण्याच्या पृथक्करणावरून त्याने चारच क्षार निवडले: साधे मीठ साडेतीन औंस, एप्सम मीठ पाव औंस, मॅग्नेशियम क्लोराइड २०० ग्रेन आणि पोटॅशियम क्लोराइड ४० ग्रेन, आणि हे सर्व चार क्वार्टांहून किंचित कमी पाण्यात विरघळवायचे. प्रथम काही दिवस त्यात केवळ हिरवे शैवाल ठेवावे आणि मगच प्राणी सोडावेत, अशी त्याची पद्धत होती. या पाठाने तपासाची हद्द एकदम विस्तारली. किनाऱ्यावरून आणलेले पाणी बिघडले तर त्याचा दोष समुद्रावर, प्रवासावर किंवा पिंपावर घालता येई. आता मात्र पेटीतील प्रत्येक कण मालकाने स्वहस्ते घातलेला होता, आणि क्षार शुद्ध होते काय, ज्या पाण्यात ते विरघळविले ते शुद्ध होते काय, याची जबाबदारी सर्वस्वी त्याच्यावर येऊन पडली.

त्या काळी तपासाची साधने दोनच होती, डोळा आणि नाक. पाणी दुधाळ झाले, पृष्ठभागावर पातळ साय धरली, वाळूचा थर काळा पडला, दगड उचलताच सडक्या अंड्याचा दर्प आला, की दगडाखाली एखादा शिंपला किंवा किडा मरून पडला आहे असे जाणता मनुष्य ओळखी, आणि ते कलेवर सापडेपर्यंत एकेक दगड हलवून पाही. हा उपाय साधा असला तरी त्याचे महत्त्व आजही उणावलेले नाही. कारण लहान पेटीत एक मृत प्राणी म्हणजे साऱ्या वस्तीवरचे संकट असते. परंतु कित्येक पेट्यांत कलेवर नसे, दर्प नसे, पाणी स्फटिकासारखे निर्मळ दिसे, आणि तरीही समुद्रफुले मिटून बसत, गोगलगाई काचेवरून गळून पडत, आणि आठवडाभरात सर्व संपे. १८६०च्या दशकात ही फॅशन ओसरू लागली आणि असंख्य रिकाम्या पेट्या अडगळीत गेल्या, त्याला निष्काळजीपणा जितका कारण होता तितकाच हा अदृश्य शत्रूही होता.

तो शत्रू पुष्कळदा पेटीच्या सांध्यांत लपलेला असे. त्या काळची पेटी म्हणजे पाटीच्या दगडाचा तळ, लाकडी किंवा लोखंडी खांब आणि त्यांत बसविलेल्या काचा. आणि काच बसवायची म्हणजे लांबी भरायची, जिच्यात सफेदा किंवा शेंदूर, म्हणजे शिशाची संयुगे, कालवलेली असत. खारे पाणी हे गोड्या पाण्याहून अधिक आक्रमक असते. लोखंडाला ते गंज चढविते, जस्ताचा मुलामा खाऊन टाकते, पितळेवर हिरवी पुटे आणते, आणि त्यातून सुटलेला अंश पाण्यातच राहतो. आपल्याकडे कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे ज्ञान कोणत्याही घरातील आजीला होते आणि म्हणूनच कल्हईवाल्याची हाक आली की भांडी बाहेर काढली जात. समुद्रजलाच्या बाबतीत हेच सत्य युरोपातील शोधकांना पेट्यामागून पेट्या गमावून शिकावे लागले. त्यांनी रबर आणि लाख यांपासून केलेला जहाजी डिंक सांध्यांसाठी स्वीकारला, लांबी पाण्याला लागू न देण्याचा दंडक घातला, आणि नवी पेटी पाण्याने भरून, ते पाणी पुनःपुन्हा बदलून, पुष्कळ दिवस मुरविल्याशिवाय तीत जीव सोडावयाचा नाही, अशी शिस्त लावून घेतली.

ही शिस्त ज्याने तत्त्वाच्या पदवीस नेली तो विल्यम आल्फर्ड लॉइड. लंडनमध्ये समुद्री जीवांचे आणि मत्स्यालयसामग्रीचे दुकान चालविणारा हा मनुष्य १८६२ साली दिवाळखोर झाला. परंतु त्याच्याजवळ जो अनुभव साठला होता तो कोणत्याही सावकाराला जप्त करता येण्याजोगा नव्हता. हॅम्बर्गच्या प्राणिसंग्रहालयातील मत्स्यालय १८६४ साली त्याच्या देखरेखीखाली चालू झाले, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील १८७१ साली, आणि नेपल्स येथे आंटोन डोर्न याने स्थापिलेल्या संशोधनकेंद्राच्या मत्स्यालयाचीही, जे १८७४ साली लोकांस खुले झाले, आखणी त्याच्याच सल्ल्याने झाली. लॉइडचे म्हणणे असे की, प्रेक्षकांना जेवढे पाणी दिसते त्याच्या कितीतरी पट पाणी तळघरातील अंधाऱ्या हौदात असले पाहिजे, आणि ते अहोरात्र पंपाने वर चढून पेट्यांतून पुन्हा खाली वाहत राहिले पाहिजे. मोठ्या साठ्यात दोष विरळ होतो, अंधारात शैवाल माजत नाही, आणि वाहत्या पाण्यात प्राणवायू भरपूर राहतो. समुद्राच्या विस्ताराची उणीव अशा रीतीने त्याने अंशतः भरून काढली. परंतु पाणी सतत फिरावयाचे म्हणजे ते सतत नळांतून आणि पंपांतून जावयाचे, आणि ते जर धातूचे असतील तर उपायच अपाय ठरावयाचा. म्हणून क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याने गंधकाने कठीण केलेल्या रबराचे, म्हणजे व्हल्कनाइटचे, नळ वापरविले. आज प्रत्येक खाऱ्या पेटीला प्लास्टिकची नळी असते आणि तीत कोणाला काही विशेष वाटत नाही. त्या नळीची वंशावळ लॉइडच्या काळ्या रबरी नळापर्यंत जाते.

वॉरिंग्टन घराण्याची कथा अद्याप पुरी झालेली नाही. रसायनवेत्त्या वॉरिंग्टनचा त्याच नावाचा पुत्र इंग्लंडातील रॉथम्स्टेडच्या कृषिसंशोधनशाळेत काम करीत होता. १८७७ साली श्लोझिंग आणि म्युन्ट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी असे दाखविले होते की, मैलापाणी वाळू आणि चुनखडी यांच्या थरांतून झिरपले म्हणजे त्यातील अमोनियाचे काही दिवसांनी नायट्रेट होते, आणि त्या थरात क्लोरोफॉर्म सोडले की ही क्रिया थांबते. म्हणजेच ती सजीवांकडून होत असली पाहिजे. कनिष्ठ वॉरिंग्टनने शेतजमिनीच्या संदर्भात हे काम वर्षानुवर्षे पुढे नेले आणि ही क्रिया दोन पायऱ्यांनी होते, अमोनियापासून नायट्राइट व नायट्राइटापासून नायट्रेट, असे सिद्ध केले. ते जंतू शुद्ध स्वरूपात वेगळे करण्याचे यश मात्र १८९०च्या सुमारास विनोग्राडस्कीला मिळाले. पिता मत्स्यपात्राच्या पाण्यावर प्रयोग करीत असता ज्या कुजण्याशी झगडला, त्याचे अंतरंग पुत्राने शेतातील मातीत उलगडावे, आणि या दोन ज्ञानांची गाठ मत्स्यालयाच्या व्यवहारात पडावयास आणखी कित्येक दशके जावी, हे विज्ञानाच्या इतिहासातील एक बोलके प्रकरण आहे. समुद्रजलाचा सामू ८.२च्या आसपास असतो आणि त्या पातळीला अमोनियाचा विषारी अंश गोड्या पाण्यातल्यापेक्षा सहसा अधिक राहतो. त्यामुळे वाळूवर आणि दगडांवर या जंतूंची वस्ती होण्यापूर्वीच जो घाईने पेटी माशांनी भरतो त्याचे मासे पहिल्या महिन्यातच दगावतात. जुन्या शोधकांची पेटी मुरविण्याची वहिवाट बरोबर होती. तिचे एक मोठे कारण मात्र त्यांच्या दृष्टीच्या पलीकडे होते.

आपल्या देशात मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर १९०९ साली समुद्री मत्स्यालय उघडले, आणि मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन झाले. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी जिवंत समुद्रजीव प्रथम पाहिले ते याच इमारतीत, काचेला नाक लावून. आपल्या किनाऱ्यावर समुद्र हाकेच्या अंतरावर असला तरी शोधकाचे काम त्यामुळे सोपे होत नाही; पावसाळ्याचे चार महिने किनाऱ्यालगतच्या पाण्याचा खारेपणा घटतो, गाळाने ते गढूळ होते, आणि शहराच्या नाल्यांचे पाणी त्यात मिसळते. समुद्राकाठी राहूनही पाणी साठविणे, निवळू देणे आणि तपासून घेणे यांतून सुटका नाही, हा धडा उष्ण कटिबंधातील प्रत्येक किनारी शहराला शिकावा लागतो.

आता या इतिहासातील सर्वांत उद्बोधक प्रकरणाकडे वळू. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील मत्स्यालयात माशांच्या कल्ल्यांवर आणि त्वचेवर वाढणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीचे वर्णन ब्राउन यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. माशाच्या अंगावर मखमलीसारखी सोनेरी-करडी भुकटी दिसावी आणि एक-दोन दिवसांत तो श्वास कोंडून मरावा, असा तो रोग. त्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातील रॉबर्ट डेम्प्स्टर यांनी १९५५ साली मोरचुदाचा उपाय प्रसिद्ध केला आणि तो गुणकारी ठरला. मोरचूद म्हणजे तांब्याचे सल्फेट. जे तांबे पाण्याबाहेर ठेवण्यासाठी लॉइडने रबरी नळ घातले, तेच आता औषध म्हणून पाण्यात जाऊ लागले. मात्रा अत्यंत नाजूक. परजीवी मरावा यासाठी अब्ज भाग पाण्यात सुमारे १५० ते २०० भाग तांबे लागते. खुल्या समुद्रात ते एका भागाहूनही कमी असते. मासा ही मात्रा सोसतो, कोळंबी, गोगलगाय, समुद्रफूल आणि प्रवाळ यांना मात्र ती मारक ठरते. खेकड्याच्या आणि माकुळाच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे जे द्रव्य असते तेही तांब्याचेच. परंतु शरीराने बंदोबस्तात ठेवलेले तांबे निराळे आणि पाण्यात मोकळे फिरणारे तांबे निराळे. याहून मोठी आपत्ती अशी की, हे औषध प्रवाळखड्यात आणि चुनखडीच्या दगडांत मुरून बसते. पाण्याची परीक्षा केली तर ते नाहीसे झाल्यासारखे दिसते, मासे बरे होतात, मालक निश्चिंत होतो. आणि पुढे कधीतरी पाण्याची आम्लता किंचित वाढली की दगड आपल्यात साठलेले तांबे हळूहळू परत सोडू लागतो. जुन्या पेटीतले दगड विकत घेणाऱ्याच्या घरी ज्या कोळंब्या कारण न कळता मरतात, त्यांच्या मरणाचे मूळ कित्येकदा दुसऱ्याच्या घरात, पूर्वी कधी दिलेल्या औषधात असते. म्हणून खाऱ्या पाण्याच्या तपासात दगडाचा पूर्वेतिहास विचारणे हे पाणी तपासण्याइतकेच अगत्याचे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा छंद सार्वजनिक संस्थांकडून पुन्हा घराकडे वळला. जाकार्तातील ली चिन एंग यांनी १९६१च्या सुमारास आपली पद्धत प्रसिद्ध केली. समुद्रातून उचललेले, जीवाणूंनी आणि लहान प्राण्यांनी वसलेले दगड पेटीत ठेवून केवळ हवेच्या बुडबुड्यांवर ते प्रवाळ जगवीत. तयार मिश्र मीठ बाजारात आले, धातूची चौकट जाऊन सिलिकॉनने जोडलेली सर्वकाचेची पेटी आली, आणि जुने कित्येक आरोपी या एका बदलाने कायमचे हद्दपार झाले. परंतु त्यांची जागा नव्यांनी घेतली. स्नानगृहासाठी विकले जाणारे बुरशीरोधक सिलिकॉन दिसण्यात तसेच असते, मात्र त्यात बुरशी मारणारे रसायन मिसळलेले असते, आणि घाईने तेच सांध्याला लावले तर पेटीच विषारी होते. काच पुसण्याच्या लोहचुंबकावरील किंवा पंपाच्या चुंबकावरील आवरणाला केसाएवढी चीर पडली की आत खारे पाणी शिरून चुंबक फुगू लागतो, आणि गंजाबरोबर लोह व निकेल पाण्यात उतरतात. नळी आवळणारी पोलादी पट्टी, झाकणाचा एखादा स्क्रू, फुटलेला हीटर, हे सर्व याच कुळातले.

घरातली हवाही निर्दोष समजू नये. हवेचा पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात फुंकतो, आणि डासांच्या कॉइलमध्ये किंवा झुरळांच्या फवाऱ्यात जी कीटकनाशके असतात ती कोळंबी-खेकड्यांना कीटकांइतकीच घातक असतात, कारण ते सर्व संधिपाद कुळातलेच. गच्चीवरील सामाईक टाकी ब्लीचिंग पावडरीने धुतली जाते तेव्हा क्लोरिनचा अंश वाढलेला असतो. पावसाळ्यात नळाचे पाणी गढूळ झाले की आरओ यंत्राची गाळणी लवकर भरते आणि तिच्यामागचे रेझिनचे मणी नेहमीपेक्षा आधीच निकामी होतात. यांपैकी काहीही डोळ्यांना दिसत नाही.

मग गृहस्थाने तपास कसा करावा? दीडशे वर्षांच्या अनुभवाने जी रीत सिद्ध झाली आहे ती अशी. प्रथम कोण मेले आणि कोण जगले याची नोंद करावी. मासे सुखरूप आणि कोळंब्या मात्र मेल्या, तर संशय तांब्याकडे किंवा कीटकनाशकाकडे जातो. सर्वच मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकीत असतील तर प्राणवायू, अमोनिया किंवा कल्ल्यांवरील परजीवी यांचा विचार आधी करावा. प्रवाळ दिवसेंदिवस मिटलेलेच राहिले आणि बाकी सर्व ठीक असेल, तर धातूंच्या सूक्ष्म अंशाची शंका घ्यावी. दुसरे, पाण्याची वाट मुळापासून चालत जावी. नळाचे पाणी, गाळणीनंतरचे पाणी, मीठ मिसळलेल्या पिंपातील पाणी आणि पेटीतील पाणी यांचे नमुने वेगळ्या स्वच्छ बाटल्यांत घेऊन त्यांवर तारीख लिहावी. ज्या टप्प्यावर दोष प्रथम दिसेल त्याच्या अलीकडचे सर्व निर्दोष ठरतात. गाळलेल्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्याच्या वर सरकू लागला असेल तर तेथेच थांबून रेझिन बदलावे. तिसरे, पेटीतील प्रत्येक वस्तू बाहेर काढून कोरड्या उजेडात न्याहाळावी, पंप उघडावे, चुंबकाच्या कडा नखाने चाचपाव्यात, तपकिरी डाग कोठे आहे ते पाहावे. धातू शोषणारे पॅड पाण्याच्या प्रवाहात ठेवले आणि दोन-तीन दिवसांत त्याच्यावर निळसर झाक चढली तर तांबे आहे, नारिंगी चढली तर लोह आहे. प्रयोगशाळेवाचून मिळणारी ही साक्ष पुष्कळदा निर्णायक ठरते. आणि चौथे, एका वेळी एकच बदल करावा. घाबरून पाणी, गाळणी, मीठ आणि दिवे एकाच दिवशी बदलणारा मनुष्य कदाचित जीव वाचवील, परंतु खरा आरोपी कोण हे त्याला कधीच कळणार नाही, आणि तो आरोपी पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच जागी हजर असेल.

पाणी बदलणे हा उपाय सर्वपरिचित आहे, पण त्याचा जमाखर्च थोडे मांडून पाहतात. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलले तर सात आठवड्यांनंतरही मूळ दोषाचा ४८ टक्के भाग शिल्लक असतो. आणि दोषाचा झरा चालूच असेल, तर आठवड्यात जेवढे विष पाण्यात उतरते त्याच्या जवळजवळ दहापट पातळीवर ते स्थिरावते. त्याखाली ते या उपायाने कधीही जात नाही. म्हणजे झरा सापडल्यावाचून केवळ पाणी बदलीत राहणे हे व्याज भरीत राहून मुद्दल कायम ठेवण्यासारखे होते.

अलीकडे पाण्याची बाटली टपालाने धाडून तिच्यातील मूलद्रव्यांचा तक्ता मागविण्याची सोय झाली आहे. यंत्रात त्या पाण्याचा तुषार हजारो अंश तापमानाच्या आर्गॉन वायूत सोडतात आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठराविक वर्णरेषेने प्रकट होते. या विद्येचाही उगम मत्स्यालयाच्या पहिल्या लाटेइतकाच जुना आहे. बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी १८६० साली ड्युर्कहाइमच्या खनिजजलात वर्णपटावरूनच सीझियम हे नवे मूलद्रव्य शोधून काढले होते. गॉसच्या हाती केवळ डोळा आणि नाक होते. आजच्या गृहस्थाला अब्जांश भागातील कथील आणि जस्त कागदावर आकड्यांत वाचता येते. तथापि हा कागद विषाचे नाव सांगतो, त्याचा पत्ता सांगत नाही. जस्त वाढले हे कळल्यावर ते कोणत्या पट्टीतून, कोणत्या मिठातून, की कोणत्या औषधातून आले, हे ठरविण्यासाठी शेवटी मालकाची रोजनिशीच उघडावी लागते: पंप कधी बदलला, मीठ कोणत्या खेपेचे वापरले, घरात रंगकाम कधी झाले, दगड कोणाकडून घेतला.

म्हणून ज्याला आपल्या घरी खाऱ्या पाण्याची पेटी ठेवावयाची आहे त्याने मासे निवडण्यापूर्वी एक वही आणावी, आणि पेटीत जे जे घालील ते ते तीत तारखेसह लिहावे. वॉरिंग्टनला गोगलगाईचा उपयोग सुचला, लॉइडला रबरी नळ सुचला, तांब्याचे दुहेरी स्वरूप उमगले, ते या लोकांनी आपल्या कृतीची नोंद ठेवून तिच्याकडे परक्याच्या नजरेने पाहिले म्हणून. बंदिस्त समुद्रात जे जीव आपण आणून ठेवतो त्यांना निघून जाण्याची वाट नसते. त्यांच्या पाण्यात काय आहे आणि ते कोठून आले, याचा हिशेब देण्याचे दायित्व त्यामुळे संपूर्णपणे आपल्याकडे येते.